विंटर एलच्या मागावर: लंडन ते स्टॉकपोर्ट

बुधवार, लंडन

ऑफिस सुटल्यावर नवऱ्याला थेट लंडन ब्रिजला भेटायचं ठरलं होतं. पाठीवर एकेक सॅक, बाकी काही सामान नाही. गाडी घरीच ठेवली, सगळा प्रवास ट्रेन, बस आणि पायी, कारण विषयच तसा आहे. इंग्लंडमधल्या पबमधे फक्त थंडीच्या दिवसांत लागणाऱ्या ज्या काळ्या, जड, कडक बिअर असतात, ज्यांना विंटर एल म्हणतात, त्या त्यांच्या त्यांच्या गावी जाऊन प्यायच्या, हे माझ्या डोक्यात बरेच दिवस होतं. बाटलीत यातल्या काही वर्षभर मिळतात, ऑनलाइन मागवता येतात, पण आम्ही दोघं नाशिकचे, हुरडा पाकिटातला आणि हुरडा शेतात शेकोटीपाशी बसून खाल्लेला यातला फरक आम्हाला कुणी समजावून सांगायला नको. ख्रिसमसच्या आधीचा आठवडा निवडला कारण बहुतेकांची सगळ्यात कडक बिअर तेव्हाच पंपावर येते.

सुरुवात बरो भागातल्या टॅबर्ड स्ट्रीटवरच्या रॉयल ओकपासून. हा पब ससेक्समधल्या लुईस गावच्या हार्वीज ब्रुअरीचा, म्हणजे उद्या जिथे जायचंय तिथला लंडनमधला प्रतिनिधीच. मधोमध काउंटर, दोन्ही बाजूंना खोल्या, आणि लोक एकमेकांशी बोलत बसलेले. आम्ही हार्वीजची ओल्ड एल घेतली. 4.3 टक्के अल्कोहोल, म्हणजे कडक म्हणावी अशी नाही, पण ऑक्टोबर ते मे एवढेच महिने मिळते आणि थंडीच्या बिअरची ओळख हिच्यापासून करून घेतलेली बरी. रंग काळसर तांबडा, चवीला काकवीची आठवण, शेवटी अगदी हलका कडवटपणा.

इथली बिअर कोमट असते असं आपल्याकडून इथे येऊन गेलेला प्रत्येक जण सांगतो. कोमट नसते हो. तळघरात पिंपं 11 ते 13 डिग्रीला ठेवतात, आत यीस्ट जिवंत असतं, बिअर पिंपातच शेवटची आंबते आणि हँडपंपाने हाताने ओढून वर आणतात, वरून गॅस मारलेला नसतो. डार्क बिअर 4 डिग्रीला गारठवली की तिची निम्मी चव झाकली जाते. हे नवऱ्याला मी पूर्वीपासून सांगत होते, आज त्याने ग्लास हातात धरून पाच मिनिटं तसाच ठेवला आणि मग प्यायला, म्हणाला, "अगं, आता वेगळीच लागतेय." तेच तर!

लंडनची स्वतःची थंडीची बिअर पण होती एकेकाळी. वाँड्सवर्थच्या यंग्जची बर्टन एल, 1971 मधे तिचं नाव विंटर वॉर्मर झालं, पण ती वाँड्सवर्थची ब्रुअरी 2006 ला बंद पडली. आणि फुलर्स या लंडनच्याच ब्रुअरीची ईएसबी (एक्स्ट्रा स्पेशल बिटर), जी आज बारा महिने मिळते, तीसुद्धा 1971 मधे थंडीची बिअर म्हणूनच आली होती, ओल्ड बर्टन एक्स्ट्रा नावाच्या जुन्या बिअरच्या जागी. दोन्हींच्या मागे बर्टन हे नाव आहे हे लक्षात ठेवा, तिथे शुक्रवारी जायचंय.

गुरुवार, लुईस

व्हिक्टोरियाहून तासाभरात लुईस. डोंगरउताराचं गाव, खाली ऊझ नदी, आणि नदीच्या काठावर हार्वीजची ब्रुअरी, उंच मनोरा, विटांचं काम, गावातले लोक तिला कॅथेड्रल म्हणतात ते अजिबात जास्तीचं वाटत नाही. 1790 पासूनचा धंदा. आम्ही पुलावर उभे राहिलो तेव्हा वरून वाफ येत होती आणि अख्ख्या रस्त्याला उकळत्या माल्टचा, म्हणजे मोड आणून भाजलेल्या जवाचा, वास, गोडसर, भाजक्या धान्याचा. पाऊस बारीक होता, तरी तिथून हलावंसं वाटेना.

या नदीने ब्रुअरीला चांगलंच छळलंय. ऑक्टोबर 2000 च्या पुरात पाणी आत शिरलं, काम थांबलं, गावाचं खूप नुकसान झालं, आणि त्यातून सावरल्यावर त्यांनी ऊझ बूझ नावाची खास बिअर काढली. अशा गावात बिअर हा नुसता माल राहत नाही. त्याचा पुरावा वरच्या गल्लीतल्या लुईस आर्म्स पबमधे आहे. हा पब तेव्हा ग्रीन किंग या मोठ्या कंपनीकडे होता आणि 2006 च्या डिसेंबरात त्यांनी हार्वीजची बिअर काढून टाकली, म्हणजे ब्रुअरी दहा मिनिटांच्या अंतरावर आणि पबमधे तिची बिअर नाही! नेहमीच्या गिऱ्हाइकांनी पबवर बहिष्कार टाकला. दारात उभं राहून लोकांना आत जाऊ नका म्हणून समजावत होते, तेही ऐन थंडीत. 133 दिवस चाललं हे. एप्रिल 2007 मधे कंपनीने माघार घेतली आणि हार्वीज परत आली. मला ही गोष्ट फार आवडते. गावाने एका चवीसाठी एवढा धीर धरावा, आणि जिंकावं!

आम्ही तिथे दुपारी अर्धा तास बसलो. छोट्या छोट्या खोल्या, आणि बाजूच्या टेबलावरचे आजोबा आपणहून बोलायला लागले, इंडियातून का, कुठून, तिथे पण थंडी पडते का. नाशिकला जानेवारीत द्राक्षांना थंडीचा त्रास होतो, पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात असं सांगितल्यावर त्यांना खूपच नवल वाटलं. त्यांनी मग 5 नोव्हेंबरच्या रात्रीचं सांगितलं, लुईसची बॉनफायर नाइट, हातात मशाली घेऊन निघणाऱ्या मिरवणुका, आणि 1555 ते 1557 मधे इथे जिवंत जाळल्या गेलेल्या 17 प्रोटेस्टंट लोकांसाठी पेटवलेले 17 क्रॉस.

संध्याकाळी ब्रुअरीच्या समोरच्या जॉन हार्वी टॅव्हर्नमधे गेलो, तिथे आमच्या नशिबाने ख्रिसमस एल पिंपातली लागलेली होती. 7.5 टक्के. हाफच, म्हणजे अर्धा पाइंटच, घेतला दोघांनी. पहिल्या घोटाला मनुका, मग संत्र्याच्या सालीसारखं काहीतरी, गिळल्यावर छातीत हळूहळू ऊब पसरते. गोड आहे, पण चिकट गोड नाही, खालून हॉप्सचा, म्हणजे बिअरमधे घालतात त्या कडू फुलांचा, कडवटपणा तिला धरून ठेवतो. माझ्या मते या सगळ्या प्रकारात हाच तोल सांभाळणं सगळ्यात अवघड असतं, नुसती ताकद वाढवणं कुणालाही जमेल.

त्या 7.5 आकड्यामागे सरकारही आहे. 2011 मधे 7.5 टक्क्यांच्या वरच्या बिअरवर जादा कर लावला गेला आणि बऱ्याच ब्रुअऱ्यांनी आपल्या कडक बिअर त्या रेषेवर आणून ठेवल्या. तो कर 2023 ला नव्या पद्धतीत विरून गेला, पण एकदा उतरलेले आकडे सहसा परत चढत नाहीत.

शुक्रवार, बर्टन अपॉन ट्रेंट

प्रवासाचाच दिवस. लुईसहून लंडन, यूस्टनहून टॅमवर्थ, तिथून छोट्या ट्रेनने बर्टन. स्टेशनवर उतरल्या उतरल्या वास. इथे माल्टच्या वासात अजून एक खारट वास मिसळलेला असतो तो मार्माइटचा, ब्रुअऱ्यांच्या उरलेल्या यीस्टपासून बनणारं ते काळं पेस्ट 1902 पासून याच गावात तयार होतं.

जगातल्या बिअरच्या इतिहासात या छोट्या गावाचं नाव एवढं मोठं का, तर पाणी. इथल्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर, त्यामुळे बिअर स्वच्छ निघते आणि हॉप्सची चव ठसठशीत येते. अठराव्या शतकात बर्टनवाले गडद, गोड, चांगलीच कडक अशी बर्टन एल बनवून ट्रेंट नदीतून हल बंदरात आणि तिथून पार सेंट पीटर्सबर्गपर्यंत पाठवायचे. मग 1822 मधे रशियाने आयातीवर जबर कर लावला आणि तो बाजार गेला. त्याच सुमाराला ईस्ट इंडिया कंपनीच्या एका डायरेक्टरने बर्टनच्या सॅम्युएल ऑलसॉप या ब्रुअरला हिंदुस्थानचं गिऱ्हाईक दाखवलं. मुंबई, कलकत्ता, मद्रासला लंडनच्या हॉजसनची फिकी कडवट बिअर जातच होती, बर्टनवाल्यांनी तसलीच स्वतःच्या पाण्यात केली आणि ती जास्त चांगली झाली. इंडिया पेल एलची, म्हणजे आयपीएची, हीच वाट. म्हणजे आज पुण्यातल्या ब्रूपबमधे आपण जी आयपीए मागवतो ती आपल्याकडच्या उकाड्यासाठी पाठवलेल्या बिअरच्या घराण्यातली, आणि तिची थोरली बहीण, ती काळी बर्टन एल, मायदेशी राहिली, लंडनच्या पबमधे थंडीची बिअर म्हणून विसाव्या शतकापर्यंत टिकली आणि मग एकेक करून जवळजवळ संपली. बास कंपनीने 1903 च्या सुमारास आपल्या सगळ्यात कडक बर्टन बिअरला, नंबर वनला, बार्ली वाइन म्हणून विकायला घेतलं, ते नाव आता जगभर झालंय.

कूपर्स टॅव्हर्नमधे गेलो. मागच्या खोलीत बिअर पंपाने नाही तर फडताळावर आडव्या ठेवलेल्या पिंपाच्या तोटीतून सरळ ग्लासात. बास प्यायलो, 4.4 टक्के, थंडीची बिअर नव्हे, पण बर्टनला येऊन बासच्या लाल त्रिकोणाला नमस्कार न करता कसं जाणार, 1 जानेवारी 1876 ला नोंदलेला ब्रिटनचा पहिला ट्रेडमार्क आहे तो. एका गोष्टीने मात्र वाईट वाटलं. एकमेकांना जोडलेल्या ओकच्या पिंपांमधून बिअर आंबवायची बर्टन युनियन नावाची इथली खास पद्धत, ती शेवटपर्यंत चालवणाऱ्या मार्स्टन्सच्या ब्रुअरीत 2024 मधे थांबली. त्यातला एक संच बेकवेलच्या थॉर्नब्रिज ब्रुअरीने नेऊन चालू ठेवलाय, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब.

शनिवार, सेजली आणि ब्रायर्ली हिल

सगळ्यात भारी दिवस. बर्मिंगहॅमच्या पश्चिमेचा हा पट्टा, ब्लॅक कंट्री म्हणतात, कोळसा आणि लोखंडाचा मुलूख. बाहेरून बघाल तर काही विशेष नाही, पण पबच्या बाबतीत इथली श्रीमंती मला लंडनपेक्षा जास्त वाटते.

वुल्व्हरहॅम्प्टनहून बसने सेजली, बीकन हॉटेल. नाव हॉटेल, आहे पब. आत शिरल्यावर मधोमध लाकडी खोकं, त्याला चारी बाजूंनी छोट्या खिडक्या, आणि प्रत्येक खिडकी एकेका खोलीत उघडते. खिडकी इतकी खाली की कमरेत वाकल्याशिवाय आतल्या माणसाचा चेहराच दिसत नाही. मी वाकले, तिकडून तो वाकला, "काय देऊ, बाळ?" इथे सगळ्यांना असंच प्रेमाने बोलतात. मागच्या अंगणात टॉवर ब्रुअरी आहे, म्हणजे सामान वर चढवायचं आणि मग एकेक मजला खाली येत येत तळाला बिअर तयार. सारा ह्यूज नावाच्या बाईने 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला हा पब ब्रुअरीसकट घेतला आणि स्वतः चालवला. तिच्यानंतर ब्रुअरी बंद पडली, तीसेक वर्षं तशीच पडून राहिली, मग 1987 मधे तिच्या नातवाने तिच्याच रेसिपीने परत सुरू केली. त्या काळात एका बाईने हे उभं केलं आणि आज तिचंच नाव पंपावर आहे, मला त्या खिडकीपाशी फार अभिमान वाटला, माझं तिचं नातं काही नसताना.

त्यांची डार्क रुबी माइल्ड 6 टक्के. आज माइल्ड म्हटलं की साडेतीन टक्क्यांची हलकी बिअर, पण पहिल्या महायुद्धाच्या आधी माइल्ड अशीच दणकट असायची, युद्धात धान्याची टंचाई आणि कर यांनी सगळ्यांची ताकद उतरवली. ग्लास खिडकीतल्या उजेडाकडे धरला की काळी बिअर एकदम डाळिंबाच्या रंगाची दिसते. चव जांभळासारखी तुरट-गोड. ही वर्षभर असते. थंडीसाठी त्यांची वेगळी, स्नोफ्लेक, 8 टक्के. तिचा हाफ आम्ही दोघांत घेतला आणि सोबत चीज-कांद्याचा कॉब. कॉब म्हणजे वरून कडक कवचाचा गोल पाव, त्यात बोटभर जाड चीजचा तुकडा आणि कच्च्या कांद्याची चकती. इतकं साधं खाणं, पण कडक बिअरसोबत कांदा-चीजच पाहिजे, मोठं जेवण घेऊन बसलात तर दोन्हीची मजा जाते. नवरा शाकाहारी, त्यामुळे तो तर या भागाच्या प्रेमातच पडला.

स्नोफ्लेक इतकी जड कशी होते ते सोपं आहे. माल्ट गरम पाण्यात भिजवून जो गोड रस काढतात त्यात पहिल्यांदा निघणारा रस सगळ्यात दाट, साखर सगळ्यात जास्त. पहिल्या धारेचा रस वेगळा काढून त्याची कडक बिअर, मग त्याच माल्टवर परत पाणी सोडून हलकी, अशी जुनी पद्धत. आणि फ्रिज नव्हते तेव्हा उन्हाळ्यात बिअर नासायची, म्हणून मुख्य काम ऑक्टोबर ते मार्च. त्यातली कडक बिअर महिनोन्‌महिने मुरवत ठेवायची. आज फ्रिजमुळे या ऋतूची काहीच गरज उरलेली नाही, तरी ही मंडळी ऋतू पाळतात, याचं मला सगळ्यात जास्त कौतुक आहे.

मग डडलीवरून बस बदलून ब्रायर्ली हिल, डेल्फ रोडवरचा व्हाइन. याला सगळे बुल अँड ब्लॅडर म्हणतात, शेजारी पूर्वी खाटिकखाना होता. दर्शनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत शेक्सपियरच्या नाटकातली ओळ रंगवलेली, देव तुमचं भलं करो, बिअर छान बनवता, अशा अर्थाची. बॅथम कुटुंब 1877 पासून बिअर बनवतंय, ब्रुअरी पबच्या मागेच. त्यांची ख्रिसमसची बिअर एक्स-एक्स-एक्स, 6.3 टक्के, थोडेच दिवस मिळते आणि तिच्यासाठी लोक लांबून येतात. आम्ही पोचलो तर पॅसेजमधे उभं राहायला जागा नाही, ओल्या कोटांचा वास, आजी, नातू, कामगार, एक कुत्रं, आणि जवळपास प्रत्येकाच्या हातात तीच.

एक्स-एक्स-एक्स रंगाने फार गडद नाही, मधासारखी, आणि फसवी आहे, ताकद जिभेला अजिबात कळत नाही. मला कोपऱ्यात टेकायला जागा देणाऱ्या बाई म्हणाल्या, माझे वडील दर ख्रिसमसला इथेच घेऊन यायचे, आता मी मुलाला आणते. मुलगा म्हणजे चांगला पन्नाशीचा गृहस्थ, लाजून हसला. तिथे दोन तास उभे होतो, गर्दीत, आणि एकदाही कंटाळा आला नाही. दोघांनी मिळून पोर्क स्क्रॅचिंग्जच्या (डुकराच्या कातडीच्या तळलेल्या तुकड्यांच्या) पिशव्या मात्र घेतल्या नाहीत, ते माझ्या एकटीचं काम होतं, कुरकुरीत, खारट, दाताखाली फुटणारे, नवरा दुसरीकडे बघत होता.

रविवार, स्टॉकपोर्ट

वुल्व्हरहॅम्प्टनहून थेट ट्रेन, आणि स्टेशनाच्या पुढे लागूनच स्टॉकपोर्टचा तो प्रचंड विटांचा रेल्वेपूल, 27 कमानी, 1840 चा. खाली गाव. इथली रॉबिन्सन्स ब्रुअरी आणि तिची ओल्ड टॉम, 8.5 टक्के, विंटर एल म्हणजे काय हे कुणी एका ग्लासात दाखव म्हणालं तर मी हीच दाखवीन. 1899 ची बिअर. ब्रुअरीतल्या बोक्याचं नाव हिला दिलं, हेड ब्रुअर आल्फ्रेड मंटनने 1 नोव्हेंबर 1899 ला आपल्या वहीत रेसिपीसोबत त्या बोक्याचं तोंड काढून ठेवलंय. 2011 चा तो जादा कर आला तेव्हासुद्धा ही 8.5 वरच राहिली. पिंपातली ओल्ड टॉम मुख्यतः थंडीतच, आणि मोजक्या पबमधे.

आर्डन आर्म्समधे गेलो, बाजाराच्या खालच्या अंगाला. तिथे एक छोटी आतली खोली आहे, स्नग, आणि तिथे जायचा रस्ता काउंटरच्या मागून, म्हणजे जिथे बिअर ओढतात त्या जागेतूनच. असे पब देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. मी विचारलं तर काउंटरवरची मुलगी म्हणाली या की, आणि आडवी फळी वर उचलून धरली. पंपांच्या मागच्या बाजूने गेलो, तांब्याच्या नळ्या, ओल्या जाळ्या, उलटे ठेवलेले ग्लास, चार पावलांत पलीकडे. आत बाक, शेगडी, आणि पेपर वाचणारे एक जोडपं.

ओल्ड टॉम हाफच. वर फेस अगदी पातळ, तपकिरी. वास पोर्ट वाइनकडे जाणारा, चव आधी काळ्या चेरीची, मग ज्येष्ठमध, मग थोडं मिरं, आणि मग एवढा वेळ ती तोंडात राहते की पुढचा घोट घ्यायची घाईच होत नाही. नवरा म्हणाला, "अगं, ही प्यायला एक तास लागेल." लागला तेवढा. पेपरवाल्या काकूंनी पेपर खाली ठेवून सांगितलं की आमच्याकडे ही नेहमी शेवटी पितात, हिच्यानंतर दुसरी कुठली घेतली तर पाण्यासारखी लागते. अगदी खरं आहे ते. रॉबिन्सन्सने गावातली जुनी जागा सोडून ब्रेडबरीला जायचं ठरवलं, त्यावर त्या जरा गप्प झाल्या, मग म्हणाल्या बिअर तीच राहिली म्हणजे झालं.

स्टॉकपोर्टहून मिल्टन कीन्सला थेट गाडी आहे, परतायला संध्याकाळी तीच पकडली. यॉर्कशायरमधल्या मॅशमची ओल्ड पेक्यूलिअर आणि स्कॉटलंडमधल्या ट्रॅक्वेअर हाउसची बिअर राहिलीये, ती फेब्रुवारीत. तुम्हाला जायचं असेल तर हाफच घ्या, सोबत पाणी पीत राहा, आणि निघायच्या आधी पबला फोन करून पिंप लागलंय का विचारा, विशेषतः बॅथम्सच्या बाबतीत, कारण ती एक्स-एक्स-एक्स संपली की पुढच्या डिसेंबरपर्यंत नाही.